जुन्या गोव्याच्या नोव्हेनाला जायचंय? मग तयारी आधी, चर्चांची यादी नंतर

नोव्हेंबर जवळ आला की पॅरिशच्या, म्हणजे आपापल्या चर्चच्या, ग्रुपवर गोव्याचे प्रोग्रॅम पडायला लागतात, आणि वसईपासून पुण्यापर्यंत बहुतेक सगळे सारखेच असतात. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी आठ-दहा चर्च, संध्याकाळी मिरामार बीच, रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस झेवियरसमोर हात जोडायचे, काजू घ्यायचे आणि रात्रीच्या गाडीने परत. नाव मात्र तीर्थयात्रा. महिनाभराने त्यातल्या कोणाला विचारा की काय रे, प्रार्थनेत काही फरक पडला का, तर तो आधी मोबाइल काढून फोटो दाखवतो. फिरण्याला माझी हरकत नाही, गोव्याला जाऊन मासे न खाणं हेही एक पापच म्हणा, पण प्रवासाने विश्वास खोल व्हावा अशी खरंच इच्छा असेल तर त्याला एक क्रम लागतो आणि लोक नेमका तो क्रमच उलटा करतात. आधी तिकीट, मग हॉटेल, मग चर्चांची यादी, आणि प्रार्थनेचं काय ते तिथे गेल्यावर बघू. तिथे गेल्यावर काही बघितलं जात नाही, कारण तिथे गर्दी असते, ऊन असतं, आणि कोणाला तरी सतत टॉयलेट हवं असतं.

खाली लिहिलंय ते जुन्या गोव्याच्या नोव्हेनाला, म्हणजे संताच्या सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना धरून, कारण आपल्याकडची जास्तीत जास्त माणसं तिथेच जातात. दुसरीकडे जाणार असाल तरी क्रम हाच ठेवा, तारखा आणि नावं तेवढी बदला.

पायरी १ : का जातोय ते एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा, मोबाइलवर लिहा, पण लिहा. "देवाच्या जवळ जायचंय" असं लिहिलंत तर खोडून टाका, ते सगळ्यांचंच असतं आणि कोणाच्याच कामाचं नसतं. चालतील अशी वाक्यं सांगतो. बाबा गेल्यापासून मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जातो पण आतून काही निघत नाही. भावाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेच्या ओळीला जीभ अडखळते. मुलगी म्हणते मी चर्चला येणार नाही आणि मला तिला धड उत्तर देता येत नाही. नोकरी सोडू की नको. असं काहीतरी टोचणारं हवं.

नवस फेडायला जाणारे खूप असतात, त्यात चूक काही नाही. जत्रा म्हटली की हौशे, नवशे, गवशे तिन्ही आलेच. फक्त नवस फेडून झाला की हिशोब संपला असं होतं, मेणबत्ती लावली, पाकीट पेटीत टाकलं, आता देव आणि मी फिटंफाट. नवस असेल तर त्याच्याखाली दुसरं एक वाक्य लिहा की मागितलेलं मिळालं, आता मी त्याचं काय करणार.

चेक : हे वाक्य ग्रुपमध्ये मोठ्याने वाचायची तयारी आहे का? नसली तरी चालेल. पण निदान एका माणसाला सांगता आलं पाहिजे. कोणालाच सांगता येत नसेल तर अजून एक-दोन दिवस त्यावर बसा.

पायरी २ : तारीख आणि गाडी

नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते, २ डिसेंबरला संपते, ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे संताचा सण. हा क्रम दरवर्षी तोच. पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा सरळ सल्ला, फेस्ताच्या दिवशी जाऊ नका. ३ डिसेंबरला गोव्यात सुट्टी असते, अख्खा गोवा तिथे लोटलेला असतो, तुम्हाला वेदी दिसेल न दिसेल, आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर तुमचं सगळं लक्ष त्यांना सांभाळण्यातच जाईल. नोव्हेनाच्या मधला वार पकडा, मंगळवार, बुधवार वगैरे. मिस्सा तीच, प्रवचन तेवढंच मन लावून तयार केलेलं, पण बसायला बाक मिळतो. फेस्ताचाच हट्ट असेल तर आदल्या दिवशी पोचा आणि पहाटेची मिस्सा धरा.

मुंबईहून जाताना करमळी स्टेशनला उतरा, जुनं गोवं तिथून सगळ्यात जवळ. मांडवी आणि कोकणकन्या दोन्ही तिथे थांबतात. लोक सवयीने मडगावचं तिकीट काढतात आणि मग उलटं वर यायला टॅक्सीला पैसे घालतात. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ३० नोव्हेंबरची गाडी हवी असेल तर १ ऑक्टोबरला सकाळी बसायचं. राहायला पणजी सोयीची पडते, पण डिसेंबर हा गोव्याचा सीझन, तेव्हा खोल्यांचे भाव चढलेले असतात, तिकिटाच्या आधी खोलीचं बघा.

सावधान : सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर रोज जवळून बघायला मिळतं असा खूप जणांचा समज असतो. तसं नाहीये. ते बॉम जिझस बॅसिलिका या चर्चमध्ये उंचावर चांदीच्या पेटीत असतं, तुम्ही खालून बघता. खाली आणून दर्शनाला ठेवतात ते साधारण दर दहा वर्षांनी, मागचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं. हे आजीला घरीच सांगा. तिथे जाऊन "काहीच दिसलं नाही" म्हणून तिचा चेहरा पडला की दिवसभर सगळ्यांचा मूड जातो.

पायरी ३ : माणसं किती आणि कोणाकडे काय

आठ ते बारा जण पुरेत. पन्नास सीटरची बस केलीत की ती सहलच होणार, कारण बसमध्ये पुढच्या बाकावर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि मागच्या बाकावर अंताक्षरी हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

इथे एक चूक फार होते. जो माणूस तिकीट काढतो, तोच हॉटेल बघतो, तोच पैसे गोळा करतो, तोच मिस्सेची वेळ शोधतो आणि तोच सगळ्यांना पहाटे उठवतो. त्या बिचाऱ्याची यात्रा होतच नाही. लूकच्या दहाव्या अध्यायातली मार्था आठवा, येशू घरी आलेला, बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली आणि ही चुलीपाशी चिडलेली. प्रत्येक ग्रुपमध्ये एक मार्था असतेच आणि सगळे तिच्या जिवावर मरिया होऊन बसलेले असतात. त्यामुळे तिकीट एकाकडे, पैसे दुसऱ्याकडे, प्रार्थना तिसऱ्याकडे, आणि त्या त्या दिवशी ज्याच्याकडे काम नाही त्याला कोणी काही विचारायचं नाही. प्रार्थनेचं काम ज्याला गाता येतं त्याला आपोआप देऊ नका. ज्याला वेळ पाळता येते त्याला द्या.

सोबत नवरा किंवा बायको अशी असेल जिचा यावर विश्वास नाही, तर आधीच बोलून घ्या. तिने सगळ्या प्रार्थनांना बसलंच पाहिजे अशी जबरदस्ती नको, फक्त कोणत्या वेळा तुमच्या आहेत ते तिला माहीत असू दे.

पायरी ४ : पंधरा दिवस आधीपासून एक एक स्तोत्र

हीच पायरी लोक सगळ्यात जास्त गाळतात आणि माझ्या मते अर्धी यात्रा इथेच होते.

बायबलमध्ये १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं आहेत, वर आरोहणस्तोत्र असं लिहिलेलं असतं. सणासाठी यरुशलेमला चढून जाणारे लोक ही म्हणत असत असं मानतात, म्हणजे देवाने आपल्याला यात्रेचं पुस्तक आधीच देऊन ठेवलंय आणि आपण गुगलवर बेस्ट चर्चेस इन गोवा शोधत बसतो. पंधरा स्तोत्रं, पंधरा दिवस. निघायच्या दिवसापासून उलटं मोजा आणि सुरू करा. मोठी नाहीत. १३१, १३३ आणि १३४ तर तीन-तीन ओव्यांची, सगळ्यात लांब १३२, तेही १८ ओव्या, चहा गार व्हायच्या आत होतात.

कसं वाचायचं ते सांगतो. सकाळी एकदा मोठ्याने वाचा. जो शब्द अडकतो तिथे थांबा. पायरी १ मधलं तुमचं वाक्य बाजूला ठेवा आणि बघा की या स्तोत्रातला माणूस तुमच्यासारखा कुठे आहे. पहिलंच बघा, १२०. यात्रेची सुरुवात आनंदाने होईल असं वाटतं ना, पण तो माणूस खोटं बोलणाऱ्यांना कंटाळलेला आहे, भांडकुदळ लोकांत राहून वैतागलाय, आणि तिथूनच तो निघतो. १२१ मध्ये डोंगरांकडे बघून विचारतो की मदत कुठून येणार. १२३ मध्ये लोकांच्या टोमण्यांनी जीव विटलाय. १३० मध्ये पार खोल खड्ड्यातून हाक मारतोय. आणि १३१ मध्ये एकदम आईच्या कुशीतल्या दूध तुटलेल्या बाळासारखा गप्प. हा चढ पंधरा दिवस रोज थोडा थोडा चढला की ट्रेनमध्ये बसताना तुम्ही बरेच पुढे आलेले असता.

काही जण ही पंधरा स्तोत्रं ट्रेनमध्ये एका बैठकीत वाचून काढतात. त्याचा उपयोग नाही, रोजची गोळी आहे ती, स्ट्रिप एकदम गिळायची नसते.

याच दिवसांत झेवियरविषयीही थोडं वाचा, पण चमत्कारांच्या गोष्टींपासून सुरुवात करू नका. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरल्यावर तो काय करायचा ते बघा. आजाऱ्यांकडे जायचा, कैद्यांकडे जायचा, आणि रस्त्याने हातात घंटा वाजवत मुलांना आणि नोकरचाकरांना शिकवणीला गोळा करायचा. पुढची दहा वर्षं पायाला भिंगरी, दक्षिणेचा मच्छीमार किनारा, मलाक्का, १५४९ ला जपान, आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या दारात, एका बेटावर मेला, चीनच्या मुख्य भूमीवर पाऊल न ठेवताच. ज्याचं शेवटचं मोठं काम अर्धवट राहिलं त्याच्याकडे आपण आपली अर्धवट कामं घेऊन जातोय हे मनात ठेवलंत तर समोर उभं राहिल्यावर बोलायला काहीतरी असेल.

चेक : आठव्या दिवशी स्वतःला विचारा, किती वाचली? चारपेक्षा कमी असतील तर सगळी पूर्ण करायची धावपळ सोडा. १२१, १२३, १३० आणि १३१ एवढी चारच घ्या आणि पुन्हा पुन्हा वाचा.

पायरी ५ : घरचं घरीच मिटवा

मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूने क्रम अगदी स्पष्ट सांगितलाय. वेदीशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपण काय करतो, भावाला ब्लॉक करून गोव्याला जातो आणि तिथे शांतीसाठी मेणबत्ती लावतो. निघायच्या आधी एक फोन करा. समोरच्याने उचलला नाही तर मेसेज टाका. तो मानेल न मानेल, ते तुमच्या हातात नाही.

पापनिवेदनही शक्यतो इथेच करा, आपल्या फादरकडे, आपल्या भाषेत, सावकाश. तिथे नोव्हेनात सोय असते पण मागे रांग उभी असते आणि माणूस दोन वाक्यांत आटपतो.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या घ्याल तर मोजक्या घ्या आणि ज्याची घेतली त्याचं नाव घेऊन खरंच प्रार्थना करा. नुसतं पोस्टमन व्हायचं असेल तर नको.

बॅगेत काय : बायबल किंवा निदान स्तोत्रांची छोटी प्रत, वही आणि पेन, रोझरी, टॉर्च, वापरातली मऊ चप्पल किंवा बूट, टोपी, पाण्याची बाटली, खांदे आणि गुडघे झाकतील असे सुती कपडे. नवीन बूट नकोत, पायरी ७ ला रडाल.

पायरी ६ : गाडीत बसल्यापासून यात्रा सुरू

गाडी म्हणजे नुसती वाट बघायची वेळ असं धरू नका. लूकच्या चोवीसाव्या अध्यायात दोघं शिष्य अम्माऊस गावाला चाललेत, वाटेत बोलतायत, आणि येशू त्यांच्याबरोबर चालतोय तरी त्यांना पत्ता नाही. गाडी पनवेल सोडेपर्यंत सगळ्यांना खाऊ-पिऊ द्या, मग हा भाग एकाने वाचावा आणि दोघादोघांनी बोलावं, अर्धा तास, आपलं पायरी १ मधलं वाक्य एकमेकांना सांगावं, ज्याला सांगायचंय त्याने. भाषण कोणी द्यायचं नाही.

रात्री झोपण्याआधी वहीत आत्मपरीक्षण. जेझुइट संघ स्थापणाऱ्या ज्या इग्नेशियसचा झेवियर साथीदार होता त्याने घालून दिलेली ही सवय आहे आणि ती बर्थवर पडून पण जमते. आधी दिवसाबद्दल आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस मनात फिरवायचा, कुठे चुकलं त्याची क्षमा, आणि उद्या एक गोष्ट वेगळी करायची ती ठरवायची. दहा मिनिटं लागतात. वहीत कोकणातली हिरवळ लिहू नका, ती फोटोत येईलच. साइड लोअरवरून कोणाशी वाजलं, चहावाल्याशी कसे बोललो, कोणाचा हेवा वाटला, ते लिहा. प्रवासात माणूस दमलेला असतो, भुकेलेला असतो, मुखवटा गळून पडतो, घरी चार भिंतींत जे झाकलं जातं ते स्लीपर कोचात दिसतं. विश्वासाला प्रवासाचा खरा उपयोग होतो तो इथेच, मूर्ती आणि नक्षीच्या कितीतरी आधी.

सावधान : ट्रेनमध्ये मोठ्याने भजनं सुरू करण्याआधी आजूबाजूला बघा. रात्री दहानंतर शेजारी झोपलेला असताना गिटार काढणं ही काही विश्वासाची साक्ष नव्हे.

पायरी ७ : पणजी ते जुनं गोवं पायी

जमत असेल तर हा टप्पा सोडू नका. अंतर नऊ-दहा किलोमीटर, आरामात चाललात तर अडीच-तीन तास. पहाटे चारला निघा म्हणजे उन्हाच्या आधी पोचता. पणजीच्या मधल्या पायऱ्यांच्या चर्चपासून सुरुवात करा, पाटोचा पूल ओलांडला की रायबंदरचा लांबलचक बांध लागतो, डाव्या हाताला मांडवी, उजवीकडे मिठागरं आणि खारफुटी, चढ नाही, वळणं नाहीत, अंधारात फक्त पुढच्याची टॉर्च आणि चिखलाचा खारट वास. प्रार्थनेला यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही. नोव्हेनाच्या दिवसांत गोव्याची माणसंही चालत जाताना दिसतात, त्यांच्यामागे लागा.

कसं चालायचं : बांधावर पूर्ण शांतता. कोणी बोलायचं नाही, इअरफोनवर भजनंसुद्धा नाहीत. हे ऐकायला सोपं वाटतं पण पाचव्या मिनिटाला कोणीतरी कुजबुजतंच. रायबंदर गाव लागलं की रोझरी सुरू करा, दोघांच्या ओळीत, एक टॉर्च पुढे आणि एक अगदी मागे. गावातला रस्ता अरुंद आहे, घरं रस्त्याला चिकटून, गाड्या वेगात येतात, त्यामुळे घोळक्याने चालू नका आणि गडद कपडे घालू नका.

लोक एक गोंधळ हमखास घालतात. वाटेत गरमागरम भजी-पाव दिसला की बसतात आणि मग लगेच मिस्सेत कम्युनियनला (पवित्र भाकर घ्यायला) उभे राहतात. कम्युनियनच्या आधी एक तास उपास असतो, पाणी आणि औषध चालतं. वेळेचा हिशोब करून खा, डायबेटिसवाल्यांनी आणि आजारी-म्हाताऱ्यांनी मात्र बिनधास्त खावं, त्यांना सूट आहे.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी पणजीहून बस भरपूर असतात. त्यांनी बसने यावं आणि बॅसिलिकापाशी भेटावं, त्यात कमीपणा नाही, अनवाणी चालून पायाला फोड आणून दाखवण्यात पुण्य जास्त आहे असंही नाही.

पायरी ८ : बॅसिलिकात पोचल्यावर, आधी बसा

बाहेर फेरीवाले मेणबत्त्या आणि हार हातात कोंबायला बघतात. टेबलांवर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं मांडलेली असतात, ज्याचं जे दुखतं ते विकत घ्यायचं आणि वाहायचं. घ्यायचं असेल तर एक घ्या, भाव आधी विचारा, आणि कोणी "हे घेतलंच पाहिजे" म्हणालं तर हसून पुढे व्हा.

आत गेलात की लगेच पेटीच्या रांगेत लागू नका. आधी मिस्सा, मग संत. हा क्रम महत्त्वाचा आहे कारण वेदीवर जे होतंय त्याच्यासाठी झेवियर जगला, आणि लोक वेदीला पाठ करून त्याचा फोटो काढत असतात. नोव्हेनाच्या बहुतेक मिस्सा कोकणीत असतात आणि गोव्यातली भजनाची पुस्तकं रोमी लिपीत, त्यामुळे पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळून नुसता उभा राहतो. उपाय सोपा आहे, त्या दिवशीची वाचनं आदल्या रात्री मराठीत वाचून ठेवा. मिस्सेचा साचा आपलाच, कोकणीही कान देऊन ऐकली तर बरीच कळते. इतर भाषांतल्या मिस्सांचं वेळापत्रक नोव्हेनाच्या आधी येतं, ते बघून घ्या.

मिस्सेनंतर रांगेत उभे राहा, पेटीसमोर जा, पायरी १ मधलं वाक्य मनात म्हणा, आणि बाजूला व्हा. तिथे मागचे ढकलतात, रेंगाळायला मिळणार नाही, आणि त्याची अपेक्षाही नको. खरी बैठक त्यानंतर. रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये जा, तिथे पवित्र साक्रामेंताचं (पवित्र भाकर ठेवलेलं) छोटं चॅपल आहे, तिथे बसा. पाऊण तास. हातात काही नको, पहिली दहा मिनिटं पाय ठणकतील, मग घरचे विचार येतील, मग झोप येईल, मग कंटाळा येईल. कंटाळा आला की लोक उठतात. उठू नका, कंटाळ्याच्या पलीकडेच काहीतरी सुरू होतं. काही सुरू झालं नाही तरी बसून राहिलात हीच प्रार्थना आहे, पवित्र आत्मा आपल्या टाइमटेबलने येत नाही.

कॅथलिक नसाल तर : आपल्यात सीएनआयवाले, मेथडिस्ट असे प्रोटेस्टंटही असतात, बऱ्याच घरांत दोन्हीकडचे असतात. मिस्सेत बसायला कोणाची आडकाठी नाही, कम्युनियन मात्र कॅथलिकांसाठीच असतं, तेव्हा जागेवर बसून राहा, कोणी वाईट मानत नाही. संताच्या अवशेषांपुढे वाकणं पटत नसेल तर वाकू नका, आणि वाकणाऱ्याला तिथेच धडाही देऊ नका. त्याने देवाचे आभार मानले, तुम्हीही झेवियरच्या कामाबद्दल देवाचेच आभार माना.

चेक : फोटोंसाठी सगळं झाल्यावर अर्धा तास वेगळा ठेवा. त्याआधी मोबाइल पैसे सांभाळणाऱ्या माणसाच्या पिशवीत.

पायरी ९ : दुसऱ्या दिवशी एकच ठिकाण

जुन्या गोव्यात सेंट कजेतान आहे, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी आहे, सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा आहे, टेकडीवर चॅपल आहे, सगळं चालत जाण्यासारखं, आणि म्हणूनच माणूस सगळं बघायला जातो. बघा, पण ते बघणं म्हणून बघा, त्याला प्रार्थना म्हणू नका.

यात्रेसाठी दुसऱ्या दिवशी एकच जागा धरा. मी सांकवाळ सुचवेन, झुआरीचा पूल ओलांडून, जोसेफ वाझांचं स्थान. बाणावलीत १६५१ साली जन्मलेला हा गोव्याचाच माणूस, १६८७ मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेला पोचला कारण डच राजवटीत तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती, आणि १७११ मध्ये तिथेच वारला. पोप फ्रान्सिसनी १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं. झेवियर बाहेरून आपल्याकडे आला आणि हा आपल्यातून बाहेर गेला, दोघं एकापाठोपाठ बघितले की आपल्या घरी बसलेल्या माणसालाही प्रश्न पडतो, मला कुठे पाठवलंय? तिथे जुन्या चर्चचा दर्शनी भाग तेवढा उभा आहे, गर्दी कमी, बसायला निवांत. ते लांब पडत असेल तर पिलारच्या टेकडीवर जा, फादर आग्नेल यांच्या समाधीपाशी.

दुपारनंतर मात्र सगळ्यांना मोकळं सोडा. समुद्रावर जा, मासे खा, झोपा. फेस्ताच्या जत्रेतलं गूळ-आल्याचं खाजं घ्यायला विसरू नका, घरच्यांना तेच आवडतं.

पायरी १० : परत आल्यावर, ख्रिसमसपर्यंत

नोव्हेना अशा वेळी येते की परतताना आगमनकाळ (ख्रिसमसआधीचा तयारीचा काळ) तोंडावर असतो किंवा नुकताच लागलेला असतो. म्हणजे पुढचे तीन-चार आठवडे चर्चनेच आखून दिलेत, ते वापरा.

आल्या आल्या दोन दिवसांत वही उघडा आणि एकच गोष्ट निवडा. एकच, आणि जिला वार आणि वेळ लावता येईल अशी. "रोज बायबल वाचेन" हे डिसेंबरातल्या लग्नांत आणि केकच्या ऑर्डरींत वाहून जातं. त्याऐवजी, बुधवारी संध्याकाळी सरकारी हॉस्पिटलात ज्या पेशंटकडे कोणी येत नाही त्याच्याकडे जाईन, तिथल्या सिस्टरला आधी विचारून. किंवा रविवारच्या शाळेत एक वर्ग घेईन. किंवा भावाकडे जाऊन बसेन, जमिनीचा विषय न काढता. झेवियरची घंटा, आजारी, कैदी हे सगळं वाचलंय ना, त्यातलं तुम्हाला झेपेल ते उचला. बरोबर गेलेल्यांपैकी एकाला ते सांगून ठेवा आणि आगमनकाळातल्या प्रत्येक रविवारी मिस्सेनंतर त्याने विचारायचं, झालं का?

पॅरिशमध्ये फोटोंचा स्लाइड शो ठेवायची घाई करू नका. ठेवलाच तर दहा फोटो पुरे आणि दोघा-तिघांनी उठून काय बदललं ते बोलावं. ज्याला काहीच वाटलं नाही त्यालाही बोलू द्या, तो खरं बोलत असतो. कोरडी गेलेली यात्रा ही वाया गेलेली असतेच असं नाही, बऱ्याचदा तिचा परिणाम लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) कधीतरी दिसतो, आणि कधी कधी नाहीच दिसत.

ज्यांच्या चिठ्ठ्या नेल्या होत्या त्या प्रत्येकाला फोन करा, कसं आहे आता म्हणून विचारा. नुसतं "तुमची चिठ्ठी टाकली हं" असा मेसेज नको.

गोवा जमत नसेल तर

सप्टेंबरात श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा भरते, मराठीतून, नगर-संभाजीनगरकडची माणसं पायी येतात, तिथे भाषेचा प्रश्नच नाही. मुंबईकरांना बांद्र्याची माउंट मेरी आहे, ८ सप्टेंबर मरियेचा जन्मदिवस आणि त्यानंतर आठवडाभर जत्रा, पण तिथेही जत्रेच्या आठवड्यापेक्षा आधीची नोव्हेना बरी. प्रोटेस्टंट मंडळींना, आणि खरं तर सगळ्यांनाच, दौंड लाइनवरचं केडगाव सांगेन, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी तिथे मुलींना आणि विधवांना आसरा दिला, आणि मूळ भाषांतून मराठीत बायबल केलं. ती आजही चालू असलेली संस्था आहे, तिथे मुली-बायका राहतात, तेव्हा आधी फोन करून परवानगी घ्या, विचारल्याशिवाय कोणाचे फोटो काढू नका, आणि "अनाथांना बघायला आलोय" असला आव आणू नका. तिथे चर्चमध्ये बसा, प्रार्थना करा, त्यांना काय लागतं ते विचारा.

राहिला पैशांचा विषय, कारण शेवटी वाद त्यावरच होतात. जाण्याआधी गोळा केलेल्या रकमेतून उरलेलं काय करायचं ते निघायच्या आधीच ठरवा, परत आल्यावर नको. वाटून घ्यायचं असेल तर परतीच्या गाडीतच वाटा. चर्चला द्यायचं असेल तर पैसे सांभाळणाऱ्या माणसाने हिशोब लिहून ग्रुपवर टाकायचा, आणि पावती आली की तिचाही फोटो तिथेच टाकायचा.